कापशी चप्पल अपडेट: भेगा बुजल्या आणि फॉरवर्ड डिफरन्सिंग परत आलं

मंडळी, भेगा गेल्या. (नवीन असाल तर: कापशी हा कोल्हापुरी चपलेचा प्रकार, तिचं ३डी मॉडेल मी कोडनं काढतोय, आणि पृष्ठभागाच्या तुकड्यांच्या सांध्यात फटी पडायच्या त्या या भेगा.) सगळ्या गेल्या. चप्पल कशीही फिरवा, झूम करा, लेव्हल (पृष्ठभाग किती बारीक चिरायचा ते) कमी-जास्त करा, मजेंटाचा एक ठिपका दिसत नाही. (बॅकग्राउंड मुद्दाम मजेंटा ठेवलाय, कुठं फट पडली की लगेच डोळ्यात भरते.) आज लई खुश आहे, त्यामुळं पोस्ट लांबणार.

मागच्या अपडेटपर्यंत गाडी इथं अडकलेली: कान (बाजूची चामड्याची पाकळी) जिथं तळाला येऊन बसतो तिथं दोन बायक्युबिक पॅच (१६ कंट्रोल पॉइंटांनी आकार ठरणारे वक्र तुकडे) शेजारीशेजारी, मधल्या कडेचे चारही कंट्रोल पॉइंट तेच, बिट टू बिट तेच, तरी चप्पल फिरवली की त्या शिवणीवरून मजेंटाचे ठिपके सरकत जायचे. एक पॅच ती कड डावीकडून उजवीकडं चालतो, शेजारचा उजवीकडून डावीकडं. फॉरवर्ड डिफरन्सिंगमध्ये प्रत्येक पॉइंट आधीच्या पॉइंटवर बेरीज करून मिळतो, म्हणजे फ्लोटची (ठरावीक बिटांत बसवलेल्या अपूर्णांकाची) राउंडिंग एरर साठत जाते, आणि दोघांची एरर दोन वेगळ्या टोकांना साठते. फरक शेवटच्या एक-दोन बिटांचा, पण रास्टरायझरला (ट्रँगलचे पिक्सेल ठरवणाऱ्या भागाला) तेवढं पुरतं, मधला पिक्सेल कुणाच्याच वाट्याला येत नाही.

म्हणून फॉरवर्ड डिफरन्सिंग काढून बर्नस्टाइन वेट्सचं (कुठल्या कंट्रोल पॉइंटचा वाटा किती ते सांगणाऱ्या आकड्यांचं) टेबल लावलं, आणि बेरजेचा क्रम सिमेट्रिक केला: आधी पहिला आणि चौथा पॉइंट आपापल्या वेटनं गुणून एकत्र, मग दुसरा-तिसरा एकत्र, मग दोन्ही जोड्यांची बेरीज. कड उलटी चालली तरी जोड्या त्याच राहतात, आणि ए अधिक बी म्हणजे बी अधिक ए हे फ्लोटमध्येही खरं असतं, त्यामुळं उत्तर हुबेहूब तेच. कडेवर आडव्या दिशेची वेट्स १, ०, ०, ० अशी येतात म्हणून एका पॅचची यू-कड आणि दुसऱ्याची व्ही-कड (यू, व्ही म्हणजे पॅचच्या दोन दिशा) असं जोडलं तरी चालतं. लॅपटॉपवर एकदम स्वच्छ. आणि तोच कोड फोनवर बिल्ड केला की भेगा जशाच्या तशा!

हे प्रकरण ज्यांना भेटलं नसेल त्यांच्यासाठी नीट लिहितो, कारण लई डोकं खाल्लंय यानं. कोड तोच, डेटा तोच, फरक एफएमएचा (फ्यूज्ड मल्टिप्लाय-ॲड). गुणाकार आणि बेरीज एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये, आणि राउंडिंग एकदाच. एआरएम६४ वर ही इन्स्ट्रक्शन बेसलाइनलाच असते, इंटेल-एएमडीच्या ६४ बिटवर तुम्ही आर्किटेक्चरचा फ्लॅग देईपर्यंत कंपायलर ती वापरत नाही. आता जोडीतला पहिला गुणाकार एफएमएच्या आत गेला आणि दुसरा बाहेर राउंड होऊन आला, की सिमेट्री मोडलीच. उलट्या दिशेनं चालताना आत-बाहेरची अदलाबदल होते आणि शेवटचा बिट हलतो. गॉडबोल्टवर (कंपायलरनं काढलेलं असेंब्ली दाखवणारी वेबसाइट) दोन्ही टार्गेटचं असेंब्ली शेजारीशेजारी उघडलं तेव्हा ते स्पष्ट दिसलं. फ्लोटिंग पॉइंटशी झटापट करणाऱ्यानं गॉडबोल्ट कायम एका टॅबमध्ये उघडंच ठेवावं, त्याच्यासारखं टूल नाही. फ्रेम बघायला रेंडरडॉक (ग्राफिक्स डीबगर) उत्तम आहे, पण ठिपका कुठं आहे ते तो दाखवतो, का आहे ते असेंब्लीतच कळतं.

उपाय म्हणजे एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट (गुणाकार-बेरीज जोडायची परवानगी देणारा कंपायलरचा फ्लॅग) ऑफ करणं. जीसीसी कंपायलरमध्ये नेहमीच्या मोडला हे फास्टवर असतं, आणि तिथं ओळी वेगवेगळ्या लिहिल्या तरी तो त्या जोडतो. क्लँग कंपायलरमध्ये १४ व्या व्हर्जनपासून ऑन आहे, पण तो एकाच एक्स्प्रेशनच्या आत जोडतो, म्हणून गुणाकार वेगळ्या स्टेटमेंटला काढले तरी भागतं. शेडरमध्ये (जीपीयूवरच्या प्रोग्रॅममध्ये) टेसलेशन, म्हणजे पॅचचे ट्रँगल, करणाऱ्यांसाठी ओपनजीएल ४.० पासून प्रिसाइस हा कीवर्ड याचसाठी आहे, कडेच्या पॉइंटला तो लावाच.

ऑफ केलं. बहुतेक भेगा गेल्या, पण अंगठ्याजवळची एक हट्टानं तिथंच. ती दुसऱ्याच जातीची निघाली. कडेचे किती तुकडे करायचे ते मी वांगच्या फॉर्म्युल्यानं काढतो: सेकंड डिफरन्सपैकी (लागोपाठच्या तीन कंट्रोल पॉइंटांत पहिला वजा मधल्याची दुप्पट अधिक तिसरा) सगळ्यात मोठा घ्यायचा, त्याला ०.७५ नं गुणून टॉलरन्सनं (चालेल एवढ्या चुकीनं) भागायचं, वर्गमूळ, आणि वरचा पूर्णांक. आता पहिल्या पॉइंटमधून मधल्याची दुप्पट वजा करून मग तिसरा मिळवला, तर उलट्या दिशेनं राउंडिंग वेगळं पडू शकतं. उत्तर नेमकं १२ च्या उंबऱ्यावर असेल तर एक पॅच १२ तुकडे करतो, शेजारी १३. मग फट पडणारच! टोकाचे दोन आधी मिळवायचे आणि मग मधल्याची दुप्पट वजा करायची, दुप्पट करताना राउंडिंग होतच नाही, म्हणजे दोन्ही दिशांना उत्तर एकच. एवढा बदल केला आणि ती पण बुजली.

खरंतर पोस्ट इथंच संपणार होती आणि पुढं सगळं जीपीयूवर न्यायचं असं ठरलेलं. पण काल कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पॅटर्न शॉपवाल्या मित्राला स्क्रीनवर कंट्रोल पॉइंटची फाइल दाखवत होतो. मापं मी चप्पल लाईनमधल्या एका कारागिरानं दिलेल्या न शिवलेल्या कानावरून आणि तळावरून डिजिटल व्हर्निअरनं घेतलीत (स्वस्तातला आहे, पण झिरो हलत नाही, मी समाधानी आहे). तर हा फाइल बघून म्हणतो, "भावा, व्हर्निअर पॉइंट शून्य एकपर्यंत दाखवतोय, पुढचे आकडे कुठनं आणलास?"

आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मापं मुळात पूर्णांकच आहेत! एक युनिट म्हणजे ०.०१ मिलिमीटर धरलं तर २८० मिलिमीटरची चप्पल २८,००० युनिट, १५ बिटांत बसते. आता तुकडे फक्त दोनच्या घातांत ठेवायचे, जास्तीत जास्त ६४. मग क्युबिकच्या प्रत्येक वेटचा छेद ६४ चा घन म्हणजे २ चा १८ वा घात, आणि अंश पूर्णांक. यू आणि व्ही दोन्ही धरून १८ अधिक १८ अधिक १५, एकूण ५१ बिट. ६४ बिट इंटिजरमध्ये आरामात. कुठंच राउंडिंग नाही! दिशा कुठलीही घ्या, क्रम कुठलाही घ्या, एफएमए असो नसो, उत्तर एकच, आणि फ्लोट करायचा तो फक्त शेवटी एकदा. लेव्हल ठरवतानाही वर्गमूळ नको, दोन्ही बाजूंचा चौथा घात घेऊन इंटिजरमध्येच तुलना.

आणि राउंडिंगच नाही म्हटल्यावर एरर साठणार कुठून? म्हणजे ज्याला मी हाकललं होतं ते फॉरवर्ड डिफरन्सिंग सन्मानानं परत! प्रत्येक पॉइंटला प्रत्येक कोऑर्डिनेटमागं तीन बेरजा, गुणाकार शून्य. टेबलमध्ये चार गुणाकार आणि तीन बेरजा लागायच्या. वर एव्हीएक्स२ मध्ये (इंटेल-एएमडीच्या, एकदम अनेक आकड्यांवर चालणाऱ्या इन्स्ट्रक्शन) ६४ बिट इंटिजरची बेरीज एका वेळी चार होतात, पण तसल्या गुणाकाराची इन्स्ट्रक्शनच नाही, ती एव्हीएक्स-५१२ मध्ये आली, त्यामुळं इंटिजरमध्ये टेबल चालवणं महागच पडलं असतं. रात्रीच लिहून काढलं आणि लॅपटॉप-फोन दोन्हीवरचे व्हर्टेक्स बफर (तयार पॉइंटांची यादी) डंप करून बाइट टू बाइट तुलना केली. एकही बाइट वेगळा नाही. नाद खुळा!

किंमत आहे, लपवत नाही. जिथं १७ तुकड्यांत भागलं असतं तिथं आता ३२ होतात, म्हणजे ट्रँगल वाढतात. तरी मला हा सौदा मान्य आहे, कारण ६४ तुकड्यांच्या कडेवर १६ तुकड्यांचे सगळे पॉइंट आपसूक येतात आणि शिवण घालणं सोपं जातं. जीपीयूचा बेत तूर्त बाजूला, वेबजीएलमध्ये (ब्राउझरमधल्या ग्राफिक्समध्ये) टेसलेशन स्टेजही नाही आणि शेडरमध्ये ६४ बिट इंटिजरही नाहीत.

न्यूएलचा १९७५ चा टीपॉट (ग्राफिक्समधलं नेहमीचं टेस्ट मॉडेल, नंतर जोडलेल्या तळासकट) पण याच रस्त्यानं घातला, ३२ च्या ३२ पॅच बिनभेगांचे. फक्त झाकणाच्या टोकावर काळा डाग राहिलाय, तिथं एका कडेचे चारही पॉइंट एकाच जागी आहेत, यू-डेरिव्हेटिव्ह शून्य, मग नॉर्मल (पृष्ठभागाला काटकोनातली दिशा) कुठला निघणार. अशा जागी यू-डेरिव्हेटिव्हऐवजी मिक्स्ड डेरिव्हेटिव्ह घेऊन व्ही-डेरिव्हेटिव्हबरोबर क्रॉस प्रॉडक्ट करणार आहे. आणि आता "शून्याच्या जवळ आहे का" असला एप्सिलॉनचा खेळ नको, इंटिजर शून्य म्हणजे शून्यच.

त्यानंतर वेणी. पट्ट्यावरची प्रत्येक पीळ वेगळा पॅच केली तर पॅचची संख्या लई वाढते, आणि डिस्प्लेसमेंट मॅप (उंचीचं चित्र लावून पृष्ठभाग ढकलणं) लावला तर शिवणीवर फ्लोट परत घुसतो. हाइटमॅप पण ०.०१ च्या पूर्णांकांत ठेवला तरी नॉर्मलच्या दिशेनं ढकलताना गुणाकार फ्लोटमध्येच येतो. कुणी कडेवरचे नॉर्मल दोन्ही पॅचमध्ये शेअर करून हे जमवलं असेल तर सांगा, मी तोवर वेणीचा एकच पेड पॅचमध्ये करून बघतो.