कौलं उतरवली, वही पुन्हा मांडली (जुनं घर, नोंद ५)

राजापूरकडच्या आमच्या चिरेबंदी घराचं छप्पर गेल्या रविवारी उघडलं. दिवाळीत खाली उभं राहून मान वर करून घराच्या दुरुस्तीला १,८०,००० रुपयांचा अंदाज केला होता. तो वरच्या पहिल्या दहा मिनिटांतच कोसळला.

आधी कौलं. छप्पर ९ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट), ब्रासला साधारण १५० धरून १,३५० मंगलोरी कौलं. त्यातली २०० बदलावी लागतील असं लिहिलं होतं. फुटकी-पिचकी निघाली ५२०. शिवाय नवीन कौलाची खाच जुन्याला बसत नाही, कारखाना वेगळा की साचा वेगळा. मध्ये मध्ये नवीन खुपसली तर गळती ठरलेली. म्हणून चांगली जुनी सगळी पुढच्या उताराला आणि मागचा उतार पूर्ण नवा. ४५ रुपयांनी ७०० कौलं, म्हणजे ९,००० चे ३१,५०० झाले. दीडेकशे जुनी शिल्लक राहतील, ती माकडं फोडतील त्यांच्या नावाने पडवीत रचून ठेवणार.

टेम्पो देवळापर्यंतच येतो हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी वहीत धरलं नव्हतं. एक कौल अडीच किलोच्या आसपास. पावणेदोन टन माल पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, डोक्यावरून. दोन गडी, दोन दिवस, ८०० रुपये रोज: ३,२००.

वासे वरून ठणठणीत दिसत होते, पण भिंतीवर टेकलेली तोंडं वाळवीने पोखरलेली. १७ वाशांपैकी ६ पूर्ण बदलायचे. उरलेल्या ११ ची कुजकी टोकं कापून जोड द्यायला सुतार तयार झाला, नाहीतर माझं दिवाळं होतं. लाकूड २२,००० ने वाढलं, सुताराचे सहा दिवस ७,२०० ने.

जुन्या १,८०,००० मध्ये ही सगळी वाढ धरून बेरीज २,३४,९००.

‘वरखर्चाला दहा टक्के’ हे सरसकट कलम मी खोडून टाकलंय. वायरिंग डोळ्यांसमोर आहे, तिथे जादा काही धरलं नाही. माजघराची जमीन आणि पोटमाळा अजून उघडलेला नाही, म्हणून ३०,००० फक्त त्या दोघांच्या नावाने वेगळे. म्हणजे २,६४,९००. बाबांना अजून आकडा सांगितलेला नाही.

शनिवारी पोटमाळ्याच्या दोन फळ्या उचलून बघतो. कौलं मात्र मृगाआधी चढलीच पाहिजेत, ताडपत्रीच्या भरवशावर कोकणातला पाऊस काढायची माझी हिंमत नाही.