रविवारीच बसणारी बॅटरी

चार दिवस झाले तरी ही गाडी डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलोय. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम आहे, सतरा वर्षं झाली. गाडी होती एका रिटायर सरांची, छोटी हॅचबॅक, 35 अँपिअर-अवरची बॅटरी, आणि तक्रार एकच, उभ्या गाडीत बॅटरी उतरते. चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलून झालेल्या. पहिल्या गॅरेजवाल्यानं बॅटरी खराब सांगून नवीन दिली, दुसऱ्यानं बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उघडून परत बसवला आणि वर दुसरी बॅटरी दिली. करंट मोजायचा मीटर कुणीच लावला नव्हता. मला या गोष्टीचा लई राग येतो, पेन्शनीवर जगणाऱ्या माणसाला बॅटरी विकणं सोपं असतं, मीटर लावून अर्धा तास गप्प बसणं अवघड असतं.

सर म्हणाले, "अरे, रविवारीच बसते बघ. जोतिबाला निघायचं म्हणून किल्ली फिरवली की नुसतं टक टक." मी हो हो म्हटलं आणि मीटर काढायला गेलो. ते वाक्य तिथंच धरायला पाहिजे होतं.

अल्टरनेटर चांगला होता, इंजिन चालू असताना 14.2 व्होल्ट. मग लीकेज, म्हणजे बंद गाडीत करंट कोण खातंय ते. इथं एक सांगतो, कारण बरेच जण इथंच चुकतात. निगेटिव्ह टर्मिनल खटकन काढून मधे मीटर घालायचा नाही. सप्लाय तुटला की गाडीतले कंट्रोलर, म्हणजे छोटे कंप्युटर, पुन्हा पहिल्यापासून उठतात आणि जो दोष धरायचा तोच कधी कधी पुसला जातो. मी आधी जंपर वायरीनं बायपास देतो, मग टर्मिनल सोडवतो, मीटर दहा अँपिअरच्या खोबणीत घालून जोडतो आणि मग बायपास काढतो. गाडीला पत्ताही लागत नाही. सगळी दारं लावायची, डिकी लावायची, किल्ली लांब ठेवायची आणि अर्धा तास हात लावायचा नाही, कारण सगळे कंट्रोलर झोपायला तेवढा वेळ लागतो. साधारण 50 मिलीअँपिअरच्या आत आलं तर गाडी बरोबर. सरांची गाडी 20 वर येऊन थांबली. एकदम चोख. दोन दिवस ठेवून घेतली, रोज सकाळी एका सेल्फमध्ये चालू. दिली परत. पुढच्या रविवारी सकाळी सातला फोन, बसली.

दुसऱ्यांदा आणली तरी तेच, 20. आमचा पोरगा म्हणाला, सर रात्री दिवा चालू ठेवत असतील. मी त्याला गप्प केलं, गिऱ्हाइकावर ढकलून मोकळं व्हायची सवय लागली की कारागीर संपला. मग सरांना विचारलं, आठवडाभर गाडी कुठं कुठं जाते? तर दर गुरुवारी नरसोबावाडीला, भजनाला, जाऊन येऊन शंभरेक किलोमीटर. म्हणजे गुरुवारी रात्री बॅटरी भरलेलीच असणार. आणि तीन रात्रींत रिकामी! मी म्हटलं, या शुक्रवारी मी घरी येतो, तोवर गाडी आहे तशी ठेवा, कशाला हात लावू नका.

मंगळवार पेठेत सकाळी आठला पोचलो. बायपास, मीटर, अर्धा तास. काकूंनी चहा दिला, तो हातातच राहिला, कारण आकडा 0.43 वर उभा होता. 0.43 अँपिअर, म्हणजे 430 मिलीअँपिअर! गुरुवार रात्र ते रविवार सकाळ सत्तावन्न तास धरा, चोवीस-साडेचोवीस अँपिअर-अवर जातात, पस्तीसच्या बॅटरीत राहिलं काय.

करंट कुठं जातोय ते शोधायला फ्यूज उपटायचे नाहीत. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडी टोकं असतात, त्यावर मीटर मिलिव्होल्टला लावून बघायचं, करंट जात असेल तर आकडा दिसतो, नसेल तर शून्य. सगळे शून्य, आणि आतल्या दिव्यांच्या फ्यूजवर तीन. पण छतावरचा दिवा तर बंद. मग त्याच फ्यूजवर उरतो तो डिकीचा, आणि या मॉडेलला डिकी उघडी असल्याचं समोरच्या डॅशबोर्डवर दिसत नाही.

मागच्या काचेतून बघितलं तर ट्रे आडवा. डिकी न उघडता मागच्या सीटचं दार उघडून ट्रे उचलला. खाली पिवळा उजेड, आणि त्या उजेडात सरांची पेटी. हार्मोनियम. लाकडी खोका उभा घातलेला, त्याची पितळी कडी डिकीच्या आतल्या पत्र्याला टेकलेली, पत्र्यावर घासून घासून तेवढ्यात रंग गेलेला. दिव्याच्या काचेला हात लावला तर चटका. डिकी लागायची, पण पहिल्या खिट्टीवरच, दुसरी पडायचीच नाही, आणि दिव्याचा स्विच दुसऱ्या खिट्टीला. पेटी काढून डिकी गुडघ्यानं दाबली, टक, आणि थोड्या वेळानं मीटर 0.02.

सर म्हणाले, "पेटी आता उचलवत नाही रे, म्हणून वाडीहून आलो की गाडीतच असते. रविवारी भाचा येतो, तो काढतो." आणि गॅरेजला आणताना? "पेटी कशाला धुळीत न्यायची, काढून ठेवायचो."

म्हणजे दोन्ही वेळा गाडी माझ्याकडं आली ती दोष घरी ठेवून, आणि डिकी मीच जोरात आपटून लावली होती.

दिव्याला एलईडी घातला, म्हणजे राहिलाच चालू तरी फारसं खाणार नाही. पेटी आडवी झोपवून बघितली, बसते, दुसरी खिट्टी व्यवस्थित पडते. नवी बॅटरी साडेतीन अँपिअरवर रात्रभर हळू चार्ज केली, सकाळी 12.6. सर पैसे देतच होते, मी एलईडीचे तेवढे घेतले.

दुसऱ्या गॅरेजवाल्यानं काढलेली बॅटरी सरांनी विकलेली नाही, जिन्याखाली पडून आहे. दीड-दोन वर्षांचीही नाही ती. उद्या जाऊन आणतो आणि स्लो चार्जिंगला लावतो, कितपत भरतेय ते बघायचंय मला.