उजेड दिसते काय?

मृग लागायच्या आधी आमच्याकडे एक काम उरकावंच लागतं. कवेलू फेरायचं, म्हणजे छपराची सरकलेली-फुटलेली कौलं पुन्हा नीट बसवायची. बियाणं उधारीवर मिळतं, सोसायटीचा हप्ता पुढच्या महिन्यावर ढकलता येतो, पण फेरायचं राहिलेलं घर पहिल्याच पावसात चूल विझवतं.

देशी कवेलू ज्यांनी हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुंभार चाकावर निमुळती नळी काढतो, ओली असतानाच ती उभी चिरतो, आणि भाजल्यावर एका नळीचे दोन कवेलू होतात. छपरावर एक ओळ उताणी मांडायची आणि दोन उताण्यांच्या कडांवर एक पालथा ठेवायचा. खिळा नाही, चुना नाही. एकमेकांच्या भारानं सगळं बसलेलं असतं. मग वर्षभर त्यावरून वांदरांची टोळी ये-जा करते. टिनाच्या घरावर वांदरं फार थांबत नाहीत, पाय भाजतात. कवेलूवर मात्र त्यांचा जन्मसिद्ध हक्क. मे उजाडेपर्यंत अर्धे कवेलू सरकलेले, काही फुटलेले, खाली चिमण्यांची घरटी आणि एखाददुसरा इच्चू.

या कामाची एक गंमत आहे. जो छपरावर बसलेला असतो त्याला फट दिसत नाही. वरून सगळे कवेलू सारखेच दिसतात, काळपट, शेवाळलेले, शहाण्यासारखे ओळीत बसलेले. फट दिसते ती आत, अंधारात उभ्या असलेल्या माणसाला. म्हणून दोघं लागतात. एक वर, एक खाली, आणि खालच्याच्या हातात बांबूची लांब काडी.

"उजेड दिसते काय?"

"दिसते. मयालीपासून दोन हात खाली."

"आता?"

"अजून दिसते."

"आता?"

"बुजला."

लहानपणी बाबा वर असायचे आणि आई खाली. बाबांचा स्वभाव असा की आईनं जागा सांगितली की आधी वाद. "तिथं काई नाई, आत्ताच लावला म्या." आई उत्तर द्यायची नाही. काडी त्या फटीतून वर सरकवायची, पार बाबांच्या पायाला टोचेपर्यंत. मग छपरावर दोन मिनिटं शांतता, आणि कवेलू सरकवल्याचा खर्रकन आवाज.

आमची मंडळी, म्हणजे रविवारी एकत्र उपासना करणारी ख्रिस्ती माणसं, अकरा घरांची. आबा तरुणपणी ख्रिस्ती झाले, ते मिशनच्या बोर्डिंगात शिकले म्हणून. यवतमाळला १९५३ पासून १९८३ पर्यंत, म्हणजे पुण्याला जाईपर्यंत, युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, होतं. तिथली पोरं सायकलवर खेड्यापाड्यांत यायची, आमच्या अंगणात बसून झुणका-भाकर खायची आणि जाताना एखादं गाणं शिकवून जायची, असं बाबा सांगायचे. ती गाणी राहिली. चर्च म्हणजे एक खोली, वर टिना. पावसात पाळकाचं प्रवचन ऐकू येत नाही. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

कवेलूवर चढलं की मला हमखास बायबलातल्या त्या पक्षाघाती माणसाची गोष्ट आठवते. कफर्णहूमातल्या एका घरात येशू बोलत होता, दारात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून चौघांनी आपल्या आजारी सोबत्याला छपरावर नेलं आणि वरून खाली सोडलं. मार्क म्हणतो, त्यांनी छप्पर उकरलं. लूक म्हणतो, कौलं काढून सोडलं. माझं मत लूकच्या बाजूनं. शब्बाथशाळेत बाई ही गोष्ट रंगवून सांगायच्या, तेव्हा मी विचारलं होतं, "बाई, मंग थे कौलं कोनं परत लावले?" बाईंनी मला उभं केलं. आज वाटतं, प्रश्न बरोबर होता. पुढे एक बारीक गोष्ट लिहिली आहे, ती मोठेपणी लक्षात आली. येशूनं "त्यांचा" विश्वास पाहिला. खाटेवर पडलेला माणूस तोवर एक अक्षरही बोललेला नाही. जे काही दिसलं ते वर धुळीनं माखलेल्या चौघांचं.

आता साक्षीबद्दल बोलतो, कारण त्याशिवाय माझी भानगड कळायची नाही.

आमच्याकडे रविवारी उपासनेत साक्ष होते. ज्याला वाटेल त्यानं उठायचं आणि प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. ताप होता, उतरला. बैल हरवला होता, सापडला. पोरीचं लग्न जमत नव्हतं, जमलं. मी अनेक वर्षं या साक्षी ऐकतोय, आणि दिल्याही आहेत. त्यांचं व्याकरण ठरलेलं असतं, सगळ्या भूतकाळी. संकट संपलं की साक्ष. चालू संकटाचं कोणी उभं राहून सांगत नाही. ते पडल्या आवाजात, फाटकापाशी, "प्रार्थनेत ठेवा" एवढंच.

२०१७ साली ही पद्धत एकदा मोडली. ते वर्ष आमच्या भागात कोणी विसरणार नाही. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. फुलं उमलेनात, पाकळ्या पीळ घातल्यासारख्या मिटून राहायच्या. त्याला डोमकळी म्हणतात हे त्या वर्षी लहान पोरांनाही कळलं. बोंडं वरून हिरवीगार, फोडलं की आत अळी. वेचणीला निघाला तो कवडी कापूस. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली. आमच्या मंडळीतल्या मावशीचा मुलगा वाचला, पण दवाखान्यातून आला तेव्हा त्याला धड दिसत नव्हतं. मावशी कोणाची सख्खी मावशी नाही. विधवा बाई, रोजानं वेचायला जाणारी, सगळ्या गावाचीच मावशी.

एका रविवारी ती उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "माह्या पोराले अजून बरोबर दिसत नाई. मी रोज प्रार्थना करतो. देव आयकते का नाई, मले मालूम नाई. मले त्याचा राग येते. एवढंच."

आणि बसली.

कोणी आमेन म्हटलं नाही. पाळकांनी घाईनं गाणं सुरू केलं, तेही चुकीच्या पट्टीत. बाहेर पडताना दोघातिघांनी मावशीला गाठून समजावलं, की असं मंडळीत बोलू नये, विश्वास कमी पडतो, नव्या लोकांवर परिणाम होतो. मी त्या समजावणाऱ्यांत होतो.

नंतर बायबलातलं ईयोबाचं पुस्तक काढून बसलो. ईयोब म्हणजे मुलंबाळं, धन, तब्येत सगळं गमावलेला देवभिरू माणूस. त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर बसले, कोणी चकार शब्द काढला नाही. तिथंच उठून घरी गेले असते तर बरं झालं असतं. पण बोलायला लागले, आणि मग किती अध्याय बोलतच राहिले. सगळं शहाणपणाचं, सगळं देवाची बाजू घेऊन. शेवटी देव कोणावर संतापतो? त्या मित्रांवर. आरडाओरडा करणारा, देवाला जाब विचारणारा ईयोब माझ्याविषयी ठीक बोलला, असं देव म्हणतो. हे मी शंभरदा वाचलं असेल. त्या रात्री मात्र पान उलटवत नव्हतं.

आम्ही नारायण वामन टिळकांची गाणी रविवारी टाळ्या वाजवून गातो. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, ही गोष्ट आमच्याकडे पाळक आवडीनं सांगतात, कारण ती गाडी आपल्या विदर्भातून सुटलेली. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या, डोक्यावर आभाळ कोसळलं. ती बाई पुढे काही वर्षांनी स्वतःच्या पायानं त्याच वाटेनं आली. आली ती डोळे उघडे ठेवून. नवऱ्याचा राग, विसराळूपणा, हाती आलेला पैसा वाटून टाकण्याची खोड, सगळं तिनं हसत-रडत लिहून ठेवलं, आणि तरी त्या माणसावरची माया एका ओळीतही कमी दिसत नाही. आमच्या मंडळीनं टिळकांची गाणी घेतली. लक्ष्मीबाईंचं ते खरं बोलणं घ्यायचं राहिलं, असं मला वाटतं. पण हे बोलायचा मला अधिकार किती, ते आता ऐका.

मंडळीचा खजिनदार मी. अर्पणाचे पैसे तुपाच्या जुन्या डब्यात, डबा माझ्या माळ्यावर, हिशेबाची वही माझ्या हातात. २०१७ च्या जूनमध्ये बियाण्याला पैसे कमी पडले, तेव्हा मी डब्यातून साडेसहा हजार घेतले. चोरले असं तेव्हा वाटलं नव्हतं. दिवाळीला पहिल्या वेचणीचा कापूस विकला की टाकून देऊ, देवाचेच पैसे, देवाच्याच शेतात. अशी वाक्यं आपल्याला किती पटकन सुचतात! दिवाळीला विकायला कापूस नव्हता. वहीत मात्र दर रविवारी आकडा बरोबर.

त्यातच मावशीचा मुलगा दवाखान्यात गेला, आणि मंडळीनं ठरवलं की दोन हजार रुपये मदत द्यायची. मी पाचशे नेऊन दिले. "बाकीचे पुढच्या आठवड्यात, सुट्टे करून आणतो." मावशीनं पाचशे कमरेच्या पिशवीत ठेवले आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. बाकीचे पंधराशे मी कधी दिले नाहीत, तिनंही मागितले नाहीत. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तिनं ती साक्ष दिली, आणि तिला विश्वासाचं समजावणाऱ्यांत मी होतो, हे वर सांगितलंच.

पुढच्या मेमध्ये कवेलू फेरायचे होते. बायको माहेरी गेलेली. खाली काडी घेऊन उभं राहायला कोणी नाही म्हणून मावशीला बोलावलं. सकाळी सातला मी वर. नऊच्या आत उरकलं नाही तर कवेलूला हात लागत नाही. निम्मं छप्पर झालं. सयपाकघराच्या वर आलो.

"मावशी, दिसते काय उजेड?"

उत्तर नाही.

"मावशी?"

"बाबू," आतून आवाज आला, "माह्या पोराच्या वक्ताले डबा रिकामा होता ना?"

माझ्या हातात एक कवेलू होता. समोर छपराला हातभर भोक, त्यातून आत नुसता काळोख. ती मला दिसत नव्हती. तिला बहुतेक माझे पाय दिसत असावेत आणि मागे आभाळ. समोरासमोर बसून विचारलं असतं तर मी काहीतरी रचून सांगितलं असतं, सुचलंही असतं. वर तापायला लागलेलं छप्पर, पिंढऱ्यांना चटके, आणि त्या काळोखाशी खोटं काय बोलणार?

"हो," मी म्हणालो.

"मले वाटलंच. मी कोनाले नाई सांगितलं. तू सांग."

थोडा वेळ गेला. मी तसाच बसलेला.

"अन् थो हातातला कवेलू ठेव नं बाप्पा. माह्या डोक्शावर पडन."

त्या रविवारी मी उठलो. साक्ष वर्तमानकाळी होती, त्यामुळे फार लांबली नाही. पैसे घेतले, अजून भरले नाहीत, वही खोटी आहे. एवढंच बोललो आणि बसलो. पुढचं सगळं छान झालं असं सांगता येत नाही. डबा माझ्याकडून गेला, जायलाच हवा होता. आता दोघं मिळून मोजतात आणि तिसरा लिहितो. एक घर वर्षभर उपासनेला आलं नाही. त्या घरातले थोरले भाऊ अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात, आणि रस्त्यात भेटले की मी आधी नमस्कार करतो. पैसे तीन वेळा मिळून फेडले, शेवटचे २०१९ च्या संक्रांतीला तूर विकून. मावशीचे पंधराशे आधी दिले. तिनं ते मोजून घेतले, दोनदा.

विश्वास वाढतो म्हणतात, तो मोजायचा कशानं मला ठाऊक नाही. एक फरक आहे. पूर्वी मंडळीत माझी प्रार्थना लांबलचक असायची, शब्द कसे अलंकारिक, लोक म्हणायचे काय सुंदर प्रार्थना करतो. आता दोन-तीन वाक्यांत संपते. एकदा पाळक डोळे मिटून वाट पाहत राहिले, त्यांना वाटलं मी दम घेतोय.

आणखी एक. फाटकापाशी पडल्या आवाजात बोलणारे आता कधीकधी माझ्याकडे येतात. एकाचं सावकाराचं देणं बायकोला माहीत नाही. एकाची दारू सुटल्याची साक्ष झाली होती, ती सुटलेली नाही. मी त्यांना वचनं सांगायच्या भानगडीत फार पडत नाही. एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा, असं याकोबानं बायबलातल्या आपल्या पत्राच्या शेवटी लिहिलंय. ऐकणाऱ्यानं त्यावर काय बोलावं, हे त्यानं फारसं लिहिलेलं नाही. तेच बरं.

औंदा मुलगा म्हणाला, बाबा, किती दिवस फेरत बसता, टिना टाकून घ्या. कुंभारानंही कवेलू करणं सोडलंय, पडक्या घरांचे उतरवलेले जुने शोधत फिरावं लागतं. त्याचं चूक नाही. पण या वर्षी तरी फेरले. बायको खाली काडी घेऊन होती, आणि मावशी उगाच सोबतीला येऊन चुलीपाशी बसलेली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशनची तारीख मिळालीय, ती प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढते.

मी वरून सवयीनं ओरडलो, "मावशी, दिसते काय उजेड?"

"मले कायचा उजेड दिसते आता, बाबू," ती म्हणाली. "पन पाऊस आला का मी बसतो त्याच जागी टपकते, थे समजते. तिथला पाह्यजो."

मी सरकत सरकत चुलीच्या वर गेलो.