पिट्सबर्गला जाताय? रिचर्डसनचं कोर्ट बघून या

पेन हिल्सच्या बालाजीला जाणारी आपली बरीच मंडळी दर्शन घेऊन तशीच परततात. माझं ऐका, अर्धा दिवस वाढवा आणि ग्रँट स्ट्रीटवरचं अलेगेनी काउंटी कोर्टहाउस बघा. वास्तुविशारद हेन्री हॉब्सन रिचर्डसनची ही इमारत १८८८ मध्ये पुरी झाली, पण तो १८८६ मध्येच, सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला होता. बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चने त्याला नाव मिळवून दिलं खरं, तरी माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम हेच.

इथे आजही खटले चालतात, म्हणून सोमवार ते शुक्रवारच जा. दारात तपासणी होते, चाकू-कात्री जवळ नको. शहराच्या मध्यभागात टी ट्रामला तिकीट लागत नाही. स्टील प्लाझा स्टेशनवर उतरा.

दरवाजे बसके वाटतील. रस्त्याचा चढ पुढे खोदून काढला, त्यामुळे मूळचं तळघर रस्त्याच्या पातळीला आलं. आज आपण त्या तळघरातूनच आत शिरतो. दगडी जिना आणि त्यावरच्या कमानी सावकाश बघा, पण खरा वेळ राखून ठेवा तो चौकासाठी. जुन्या वाड्यासारखी ही इमारत चौकाभोवती बांधलेली आहे, म्हणून खोल्यांना दोन्ही अंगांनी उजेड आणि वारा मिळतो. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या त्या काळच्या पिट्सबर्गात ही केवढी सोय! नक्षीकाम जवळपास नाहीच. ओबडधोबड ग्रॅनाइट आणि एकाच लयीत जाणाऱ्या खिडक्या, एवढ्यावर सगळा डौल उभा आहे. मी बाकावर बसून डबा खाल्ला, तरी उठवेना.

मागे रॉस स्ट्रीटवरून जाणारा दगडी पूल कोर्टाला जुन्या तुरुंगाशी जोडतो. तिथे १९९५ पर्यंत कैदी होते, आता कौटुंबिक न्यायालय आहे. तुरुंगाच्या भिंतीतले अवाढव्य दगड अगदी जवळून बघा.

मिनियापोलिसचा सिटी हॉल किंवा टोरांटोचा १८९९ चा जुना सिटी हॉल पाहिला असेल, तर हे मनोरे आणि कमानी लगेच ओळखू येतील. ते दोन्ही इतरांनी बांधले, पण वळण रिचर्डसनचं. टोरांटोत राहणाऱ्यांनी तर आधी तो बघून मग इथे यावं.

वेळ उरला तर टीनेच नदीपलीकडे अलेगेनी स्टेशनला जा. तिथून चालत रिचर्डसनचंच एमॅन्युएल चर्च गाठता येतं. छोटं, विटांचं आहे. आत जायला मिळालं नाही तरी समोरच्या भिंतीवरची विटांची नक्षी बाहेरूनच दिसते.