निळी पिंपं

स्मरणिकेसाठी मातृभाषेत लिहिलं तरी चालेल, असं कळलं, म्हणून मराठीत लिहितोय. आमचे सर टोंगाचे, म्हणजे पॅसिफिकमधल्या एका बेटांच्या देशाचे. त्यांना हे वाचता येणार नाही, ते एका अर्थी बरंच. स्वतःचं कौतुक त्यांना खपत नाही.

आम्ही ऑकलंडला आलो तेव्हा मी नववीत. सर गणित शिकवायचे. (गणित मला शेवटपर्यंत आलं नाही.) शुक्रवारी संध्याकाळी त्यांची जुनी व्हॅन घरोघरी फिरून पोरं गोळा करायची. चर्चच्या हॉलमध्ये आधी गृहपाठ, मग पॉलीफेस्टच्या नाचाची तालीम. हा शाळांचा महोत्सव इथे १९७६ पासून भरतो. कमरेला तओवाला, म्हणजे विणलेली चटईच, गुंडाळून मी अगदी ध्यान दिसायचो.

मी मांस खात नाही हे कळल्यावर सरांच्या बायकोने माझ्यासाठी वेगळं 'लू' केलं. अळूची पानं, नारळाचं दूध, मांस वगळून. थोडं घरी नेलं, तर आई म्हणाली, "अरे, हे तर आपलं फदफदंच की!"

१५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, पाठोपाठ त्सुनामी आली. समुद्राखालची केबल तुटली, फोन बंद. तिथे प्यायला पावसाचं पाणी साठवतात, त्या टाक्यांत राख पडलेली. आम्हाला उन्हाळ्याची सुट्टी होती. सरांचा फोन आला, "मोकळा आहेस? मग ये."

माउंट स्मार्ट स्टेडियमवर टोंगातल्या नातेवाइकांना पाठवायच्या निळ्या पिंपांच्या रांगा लागल्या होत्या. पीठ, तांदूळ, मांसाचे डबे, पाण्याच्या बाटल्या. प्रत्येक पिंपावर मार्करने नाव, गाव, बेट. एका आजींच्या पिंपावर मी हाआपाईऐवजी वावाऊ लिहून बसलो. सर ओरडले नाहीत. खोडून स्वतः नीट लिहिलं आणि म्हणाले, "भलत्या बेटावर उतरलं तर परत कोण आणणार?" त्यानंतर मी प्रत्येक नाव दोनदा विचारून लिहिलं. आजी मात्र जाताना मलाच "मालो, मालो", म्हणजे धन्यवाद, म्हणत राहिल्या.

सरांनी स्वतःचं पिंप सगळ्यांत शेवटी भरलं. त्यावर हाआपाईतल्या बहिणीचं नाव होतं. तिचा फोन तोवर लागला नव्हता, हे मला दुसऱ्याच मुलाने सांगितलं. परतताना व्हॅनमध्ये विचारावं की नको, या घोळात माझं घर आलं.

"उद्या आठला," सर म्हणाले. "आणि जाड मार्कर आण. हे सगळे वाळलेत."