खोड

दुपारी तीनचा सुमार, म्युनिकमधलं श्टाखुस स्टेशन, जमिनीखाली. एस-बानची, म्हणजे तिकडच्या लोकलची, गाडी थांबते. एका बाजूची दारं उघडतात, माणसं उतरतात. चढणारे दुसऱ्या बाजूच्या फलाटावर काचेपलीकडे उभे, त्यांच्या नाकासमोरचं दार अजून बंद. चार-पाच सेकंद जातात, मग तेही उघडतं. तोवर डबा अर्धा मोकळा झालेला असतो आणि चढणाऱ्याला कोणाच्या पोटात कोपर खुपसावं लागत नाही. दादरच्या पुलाखाली ज्याचं तारुण्य गेलं त्याला हे बघून आधी हसू येतं आणि मग थोडा रागच येतो. एवढंच करायचं होतं होय?

एवढंच, पण त्यासाठी दोन रुळांना तीन फलाट लागतात: कडेला एकेक आणि मधे एक सामाईक. जमिनीखाली तेवढी रुंदी खोदायची म्हणजे पैसा आणि डोक्यावरच्या शहराची परवानगी, दोन्ही हवं. बार्सेलोनाच्या मेट्रोवरून ह्याला 'स्पॅनिश तोडगा' म्हणतात. म्युनिकमध्ये तो हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनला, आहे आणि श्टाखुसला आहे. चुकून एखादा पाहुणा चढायच्या बाजूने उतरला तर काही बिघडत नाही, फक्त आत घुसणाऱ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. (पाटीवर श्टाखुसचं नाव कार्ल्सप्लाट्झ आहे. कार्ल थिओडोर ह्या राज्यकर्त्याच्या नावाचा चौक, पण लोकांचं त्याच्याशी कधी जमलंच नाही. त्यांनी तिथल्या ऑयस्टाखिउस नावाच्या बिअरवाल्याचं नाव उचललं आणि आजतागायत सोडलेलं नाही.)

ह्या बोगद्यासकटच्या मार्गाला तिकडे 'श्टामश्ट्रेके' म्हणतात. श्टाम म्हणजे झाडाचं खोड. मराठीत आणताना फार डोकं खाजवावं लागत नाही, उलट आपल्या शब्दात एक अर्थ फुकट मिळतो. पश्चिमेच्या पासिंगपासून पूर्वेच्या ओस्टबानहोफपर्यंत सुमारे 11 किलोमीटरचं हे खोड, त्यातला सव्वाचार किलोमीटरच्या आसपासचा तुकडा जमिनीखाली. दोन्हीकडून फांद्या येऊन मिळतात. विमानतळाच्या, एर्डिंगच्या, डोंगराकडच्या होल्झकिर्शेनच्या, जवळजवळ सगळ्या गाड्यांना शहरात शिरायचं तर इथूनच. रूळ किती? जायला एक, यायला एक. आपल्याकडे मध्य रेल्वेवर धीम्या मार्गावर काही झालं की गाडी जलद मार्गावर घेतात, लोक शिव्या देत का होईना पण पोचतात. इथे बोगद्यात घ्यायला दुसरा रूळच नाही. झाडाचं खोड नि जित्याची खोड, दोन्ही अर्थ लागू.

बोगदा ऑलिंपिकसाठी घाईने झाला असं लोक म्हणतात, ते निम्मं खरं. शहराखालून रेल्वे न्यायचा विचार जुना. 1938 साली लिंडवुर्मश्ट्रासेखाली उत्तर-दक्षिण बोगद्याचं खोदकाम सुरूही झालं होतं. युद्ध आलं, काम थांबलं, बोगद्याचा तुकडा हवाई हल्ल्यांत आसरा म्हणून वापरला गेला. युद्धानंतर तिथे अळंबी पिकवायचा उद्योगही करून पाहिला, पण भूजल शिरलं. पुढे तोच तुकडा भुयारी रेल्वेच्या कामी आला. पूर्व-पश्चिम बोगद्याला खरी हवा मिळाली ती 1966 मध्ये, म्युनिकला ऑलिंपिक मिळाल्यावर. 1972 च्या एप्रिलमध्ये बोगदा खुला झाला, मेच्या अखेरीस एस-बान रीतसर धावू लागली आणि ऑगस्टमध्ये खेळ सुरू झाले. त्यासाठी बनवलेल्या निळ्या-पांढऱ्या गाड्यांच्या मालिकेचा क्रमांक होता 420. भारतात एखाद्या रेल्वे अधिकाऱ्याने हा आकडा कागदावर येऊ दिला असता का, सांगा.

आता मुद्द्याचं. गर्दीच्या वेळी ह्या एकेका रुळावरून तासाला 30 गाड्या जातात. म्हणजे दर दोन मिनिटांनी एक. दोन मिनिटं म्हणजे 120 सेकंद, आणि ती कुठे जातात ते मोजायला मला फार आवडतं. लांब गाडी म्हणजे तीन गाड्या एकमेकींना जोडलेल्या, साधारण 200 मीटर, जवळजवळ फलाटाएवढी. ती चांगला वेग घेत निघाली तरी तिचं शेपूट फलाटाबाहेर जायला 20 सेकंद. मागच्या गाडीला आत शिरून थांबायला 25. दारं उघडून माणसांची चढउतार होऊन दारं लागेपर्यंत 30 ते 40. उरले पस्तीस ते पंचेचाळीस सेकंद. त्यात सिग्नल बदलणं आलं, ड्रायव्हरचं बघणं आलं आणि माणसाच्या सगळ्या खोड्या आल्या.

साध्या सिग्नलांवर हे जमत नाही. दोन खांबांमधल्या अख्ख्या टप्प्यात एकच गाडी असा नियम ठेवला की मागची लांबच अडते. म्हणून रुळांच्या मधे केबल टाकलेली आहे. ती दर 100 मीटरवर एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाते, आणि त्या अदलाबदली मोजत गाडीला कळतं की आपण नेमके कुठे आहोत. नियंत्रण केंद्र त्याच केबलमधून ड्रायव्हरला सांगत राहतं: पुढे इतकं मोकळं आहे, इतक्या वेगाने ये. त्यामुळे पुढची गाडी फलाट सोडत असतानाच मागची जवळ सरकू शकते.

एवढी हुशारी खर्ची पडते आणि मग एक माणूस धावत येतो नि दारात पाय घालतो.

दार परत उघडतं, परत लागतं: 10 सेकंद गेले. त्याचं बघून आणखी दोघे शिरतात: आणखी 10. असं सलग तीन स्टेशनांवर झालं की ते उरलेले पस्तीस ते पंचेचाळीस सेकंद संपले आणि मागची गाडी बोगद्यात दिवे लावून उभी. धावणाऱ्याला वाटतं आपण दोन मिनिटं वाचवली. त्याने ती मागच्या हजारभर लोकांच्या खिशातून काढलेली असतात. पुढची गाडी दोन मिनिटांवर आहे हे पाटीवर लिहिलेलं असतं, पण ती आपल्या फांदीची नसते. आपली कदाचित वीस मिनिटांनी. म्हणून पाय घालणाऱ्यावर मला पुरतं रागावताही येत नाही.

दार खरंच बिघडलं तर हिशेब वेगळा. लांब गाडीला एका बाजूला 36 दारं. एक लागलं नाही तर गाडी हलत नाही. ड्रायव्हरला केबिनमधून उतरून त्या दारापाशी जावं लागतं, चौकोनी किल्लीने ते बंद करून निकामी करावं लागतं, वर चिकटपट्टी लावावी लागते. जोडलेल्या तीन गाड्यांमधून आतून जाता येत नाही, म्हणजे फलाटावरून गर्दी चिरत जायचं. दार शेवटच्या डब्याचं असेल तर जायला दोन मिनिटांच्या वर, यायला तेवढीच. पाच मिनिटांत मागे दोन-तीन गाड्या तुंबल्या. सीमेन्सकडून मागवलेल्या नव्या गाड्या 200 मीटर सलग आतून चालता येतील अशा आहेत. लोक ऐसपैस जागेचं कौतुक करतात, मला मात्र त्या किल्लीवाल्या ड्रायव्हरची पायपीट आठवते.

बरं, दोष दरवेळी बोगद्याचा नसतो. एर्डिंगच्या फांदीवर मार्क्ट श्वाबेनपुढे रूळ एकेरी आहे. तिथे समोरच्या गाडीची वाट बघत चार मिनिटं गेली की ही गाडी खोडातली आपली जागा चुकवते. मग ती कोणाच्या तरी दोन मिनिटांत घुसवायची, आणि ज्याची दोन मिनिटं गेली तो दुसऱ्या टोकाला पासिंगच्या पलीकडे उशिरा पोचतो. त्या बिचाऱ्याने एर्डिंग पाहिलेलंसुद्धा नसतं.

मुरलेल्या प्रवाशाचा उपाय ठरलेला. पाटीवर 'श्टामश्ट्रेके' हा शब्द दिसला की पुढचं वाक्य वाचत बसत नाही. तो हाउप्टबानहोफला किंवा श्टाखुसला यू-5 ही मेट्रो पकडतो, ती वेगळ्या बोगद्याने ओस्टबानहोफला जाते. पूर्वेच्या फांद्या तिथून सुटत असल्या तर सुटल्या. होल्झकिर्शेनची एस-3 ओस्टबानहोफला तोंड फिरवते, म्हणजे आल्या बाजूलाच परत निघते. पुढे तोंड करून बसलेले अचानक पाठमोरे प्रवास करू लागतात. नवखा दचकतो, रोजचा वर्तमानपत्रातून डोळाही वर करत नाही.

1972 साली हिशेब दिवसाला अडीच लाख प्रवाशांचा होता, पुढे तो आठ लाखांच्या वर गेला. म्हणून दुसरं खोड लावायला घेतलंय. 2017 मध्ये कामाचा नारळ फुटला (तिकडे अर्थातच फुटला नसेल). खर्च 3.8 अब्ज युरो सांगितला होता, आता 7 अब्जांच्या घरात. गाडी धावायची ती 2035 ते 2037 च्या दरम्यान. जर्मन वक्तशीरपणावर आपल्याकडे जे कौतुकाचे लेख येतात, त्यांत हा मजकूर नसतो.

मधे असलेल्या सगळ्या बोगद्यांना नि इमारतींच्या पायांना चुकवायचं म्हणून हा नवा मार्ग खूप खाली आहे, नगरपालिकेच्या मागच्या मारीएनहोफला 40 मीटरहून खोल. सरकत्या जिन्याची नेहमीची चाल सेकंदाला अर्धा मीटर, उतार 30 अंश. 40 मीटर खाली जायला 80 मीटर जिना, उभ्या उभ्या 160 सेकंद. तेवढ्या वेळात वरच्या जुन्या बोगद्यातून दोन्ही दिशांना एकेक गाडी निघून गेलेली असेल.