सॅकमध्ये मावणारी रायफल आणि तिची खरी जागा

वजन दीड किलोच्या आसपास, मोडून ठेवली की लांबी जेमतेम हातभर, आणि पाण्यात पडली तरी तरंगणारी अशी एक रायफल अमेरिकेत १९५९ सालापासून विकली जाते आहे. तिचे नाव एआर-७. कोलोरॅडोत राहायला आल्यापासून डोंगरभटकंतीच्या निमित्ताने ज्या मंडळींशी ओळख झाली, त्यांच्यापैकी काहींच्या ट्रकमध्ये, बोटीवर किंवा छोट्या विमानात मी ती पाहिली आहे. पण जिच्या जाहिरातीत नेहमी ‘बॅकपॅकिंग’ हा शब्द असतो, ती प्रत्यक्ष कोणाच्या पाठीवरच्या सॅकमध्ये मात्र क्वचितच दिसते. ही रायफल चालणाऱ्या माणसासाठी मुळात घडवलेलीच नाही, हे तिच्या इतिहासाकडे पाहिले की ध्यानात येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलापुढे एक प्रश्न होता. उत्तर ध्रुवाकडच्या निर्जन बर्फाळ प्रदेशावरून उडणारे विमान कोसळले आणि वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप उतरला, तरी मदत पोहोचेपर्यंत त्याने खायचे काय? यावर पहिले उत्तर होते एम-४ ही तारेचा दस्ता असलेली साधी बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने मागे-पुढे करावा लागणारी) रायफल, आणि दुसरे एम-६, जिच्यात पॉइंट टू-टू (०.२२ इंच) व्यासाच्या हॉर्नेट गोळीची रायफलची नळी वर आणि चारशेदहा बोअरची छऱ्याची नळी खाली अशी जोडी होती आणि जी मधल्या बिजागरीवर घडी होत असे. एम-६ला नेहमीच्या चापाऐवजी एक लांब दांडी होती, कारण जाड हातमोजे घातलेले बोट चापाच्या कड्यात शिरत नाही. या एका तपशिलावरून ती कोणत्या हवामानासाठी बनवली होती हे कळते.

तिसरे उत्तर कॅलिफोर्नियातून आले. फेअरचाइल्ड या विमानकंपनीने १९५४ साली आर्मालाइट नावाचा विभाग सुरू केला होता आणि विमानाच्या कारखान्यातले ॲल्युमिनियम व प्लास्टिक बंदुकीत कसे वापरता येईल, हा त्याचा ध्यास होता. तिथल्या यूजीन स्टोनर या अभियंत्याच्या हाताखाली एआर-५ तयार झाली. तिची नळी आणि यंत्रभाग दस्त्याच्या पोटात जाऊन बसत आणि फेस भरलेला तो दस्ता पाण्यावर तरंगत असे. १९५६ साली हवाई दलाने एमए-१ या नावाने ती स्वीकारली, पण कोठारात एम-४ आणि एम-६ भरपूर पडून असल्याने मोठी मागणी काही आली नाही. आर्मालाइटने मग तीच कल्पना नागरी बाजारात आणली, हॉर्नेटऐवजी स्वस्त पॉइंट टू-टू लाँग रायफलची गोळी घेतली आणि बोल्ट-ॲक्शनऐवजी रायफल सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर गोळीनंतर पुढची गोळी आपोआप भरणारी, केली. योगायोग असा की ज्या वर्षी ही एआर-७ बाजारात आली, त्याच १९५९ साली स्टोनरच्याच एआर-१५चे हक्क कोल्ट कंपनीला विकले गेले. पुढे तिची एम-१६ झाली आणि जगभर गाजली. धाकटीच्या वाट्याला ते नाव आले नाही, पण १९७३ नंतर चार कंपन्यांचे हात बदलूनही ती टिकली आणि आज हेन्री रिपीटिंग आर्म्स ही कंपनी ती बनवते.

माझ्या एका सहकाऱ्याकडे ही रायफल आहे आणि नेमबाजीच्या मैदानावर ती जोडताना मी जवळून पाहिली आहे. दस्त्याच्या मागचे झाकण ओढून काढले की आत प्रत्येक सुट्या भागाच्या आकाराचा खळगा दिसतो. यंत्रभाग बाहेर काढून तो दस्त्याच्या पुढच्या तोंडाशी बसवायचा आणि मुठीच्या तळाशी असलेला स्क्रू अंगठ्याने व तर्जनीने फिरवून घट्ट करायचा. नळीवरचा छोटा उंचवटा यंत्रभागाच्या खाचेत बसला की वरची मोठी चकती हाताने पिळायची. गोळी भरण्यासाठी खेचायची बाजूची मूठसुद्धा आत ढकललेली असते, कारण ती बाहेर राहिली तर यंत्रभाग खळग्यात मावणार नाही. ती नखाने बाहेर ओढावी लागते. शेवटी आठ गोळ्यांचे मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची सुटी डबी. कोणतेही हत्यार लागत नाही आणि सवय असलेल्या माणसाला मिनिटभरही पुरते.

आतली यंत्रणा ब्लोबॅक प्रकारची, म्हणजे सर्वांत साधी. गोळी सुटताना काडतुसाचे नळकांडे मागे ढकलले जाते, ते बोल्टला, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, मागे लोटते, रिकामे नळकांडे उडून पडते आणि स्प्रिंगच्या जोराने परतणारा बोल्ट मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत सारतो. कुलूपबंद होणारे असे काहीच नाही. बोल्टचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सारे भागते. एनसीसीत ज्यांनी नेमबाजी केली आहे त्यांना पॉइंट टू-टूची गोळी ओळखीची असेल. शिशाचा तो तुकडा २.६ ग्रॅम वजनाचा असतो, धक्का जवळपास जाणवत नाही आणि काडतुसांसकट शंभर गोळ्यांचे वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. मात्र एवढीशी दिसते म्हणून ती हलक्यात घेऊ नये. वर रोखून झाडलेली गोळी दोन किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते.

इतके सगळे दस्त्यात कोंबायचे म्हटल्यावर कुठेतरी तडजोड आलीच. नेम धरण्याची पुढची खूण नळीवर आणि मागचे छिद्र यंत्रभागावर असल्याने नळी काढून पुन्हा बसवली की दोहोंचे नाते किंचित बदलू शकते. गोळ्या झाडता झाडता चकती सैल होते, म्हणून अधूनमधून ती पिळून पाहावी लागते. जुन्या रायफलींची गोळ्यांबद्दलची खोड तर प्रसिद्धच आहे: गोल नाकाची वेगवान गोळी त्या मुकाट्याने घेत, चपट्या नाकाची दिली की अडकत. शेवटची गोळी संपल्यावर बोल्ट उघडा राहत नाही, त्यामुळे रायफल रिकामी आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही. मूठ खेचून आत डोकावल्याशिवाय खात्री धरू नये. पन्नास पावलांवरच्या सशासाठी ती पुरेशी आहे. त्याहून अधिक अपेक्षा बाळगणाऱ्याने दुसरी रायफल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नळी वेगळी न करता घडी होणाऱ्या रायफलींचा मार्ग निराळा आहे. फ्लोरिडातल्या केल-टेक कंपनीची, मूळचे स्वीडनचे जॉर्ज केल्ग्रेन यांनी रचलेली एसयू-१६ ही त्यातली मला सर्वांत रोचक वाटते. ती ५.५६ मिलिमीटरची गोळी झाडते, वजन सव्वादोन किलोच्या घरात आहे आणि नळीखालचे हातधरणे दुभंगून त्याचे दोन पाय होतात. काही प्रकारांत दस्त्याच्या पोटात जादा मॅगझिन ठेवता येते. पिन काढली की दस्ता चापासकट खाली दुमडतो. या स्थितीत ती झाडता येत नाही. ‘सी’ नावाच्या प्रकारात मात्र केवळ दस्ता दुमडतो आणि रायफल वापरता येते. याच कंपनीची सब-२००० ही नऊ मिलिमीटरची कार्बाइन (आखूड रायफल) नळी वर उचलून मागे टाकली की साधारण ४१ सेंटिमीटरची होते. एसयू-१६च्या रचनेत मात्र नळी आपली जागा सोडत नसल्याने तिचा नेम घडी उघडल्यावरही तसाच राहतो, हा फायदा लहान नाही.

या सगळ्या रायफलींची नळी सोळा इंचांच्या खाली का जात नाही, याचे उत्तर अभियांत्रिकीत सापडत नाही, ते कायद्यात आहे. १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार आखूड नळीच्या रायफलीची केंद्र सरकारकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि आज ती मर्यादा सोळा इंच आहे. एम-६ची लष्करी नळी चौदा इंचांची होती, म्हणूनच तिची नागरी आवृत्ती काढताना ती लांबवावी लागली. राज्यांचे नियम याहून वेगळे असतात. कॅलिफोर्नियात सुटे मॅगझिन आणि दुमडणारा दस्ता असलेली सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मध्यभागी ठोका बसणारी) सेमी-ऑटोमॅटिक रायफल ‘असॉल्ट वेपन’ ठरते. एआर-७ची पॉइंट टू-टू गोळी रिमफायर (तळाच्या कडेला ठोका बसणारी) असल्याने त्या कलमात येत नाही.

आता चालणाऱ्या माणसाचा विचार करू. जो भटक्या तंबूची जादा खुंटी घ्यावी की नाही यावर विचार करतो, तो गोळ्यांसह दोन किलोंचे ओझे कशासाठी उचलेल? अन्नासाठी म्हणावे, तर माणूस अन्नाविना काही आठवडे तग धरतो. थंडी त्याला एका रात्रीत आणि तहान काही दिवसांत संपवते. शिवाय ससे मारून जगता येईल ही समजूतही अर्धवट आहे, कारण सशाच्या मांसात चरबी जवळपास नसते आणि केवळ तेच खाणारा माणूस पोट भरलेले असूनही अशक्त होत जातो. आर्क्टिकमध्ये वर्षानुवर्षे राहिलेले संशोधक विल्यल्मुर स्टेफान्सन यांनी याचे वर्णन करून ठेवले आहे. अस्वलासाठी म्हणावे, तर पॉइंट टू-टूने अस्वल थांबत नाही, चिडते. त्यासाठी अस्वलाला दूर ठेवणारा फवारा बरा, तोही जिथे चालतो तिथे. यलोस्टोनमध्ये तो बाळगता येतो, योसेमिटीत नाही. राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून राज्याच्या कायद्यानुसार बंदूक नेता येते, पण तिथे ती झाडण्यास सर्वसाधारणपणे मनाईच आहे. त्याउलट उपग्रहावरून संदेश पाठवणारे खिशातले यंत्र शंभर ग्रॅमचे असते. दोहोंपैकी एकच न्यायचे झाले तर मला क्षणभरही विचार करावा लागणार नाही.

ज्याच्याकडे वाहन आहे त्याचे गणित मात्र वेगळे असते. अलास्कात छोट्या विमानात आपत्काळाचे सामान ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे; त्या यादीत कुऱ्हाड, मासेमारीचे साहित्य आणि डासांपासून तोंड झाकणारी जाळीही आहे. पूर्वी तीत बंदूकही होती, पुढे ती सक्ती काढली गेली. तिथे आसनामागे पडून राहणारी, गंजण्याची फारशी भीती नसलेली दीड किलोची रायफल खरोखर शोभते. हवाई दलाचा विचार मात्र आता पार पालटला आहे. २०१८पासून त्यांच्या लढाऊ विमानांच्या उसळत्या आसनाखाली (इजेक्शन सीटखाली) जीएयू-५ए ही एम-४ कार्बाइनची (वरच्या एम-४शी हिचे फक्त नाव जुळते) सुटी होणारी आवृत्ती ठेवली जाते. ती अर्ध्या मिनिटात जोडता येते आणि सोबत तीस-तीस गोळ्यांची चार मॅगझिने असतात. शत्रूच्या मुलखात उतरलेल्या वैमानिकाने शिकार करावी अशी अपेक्षा आता कोणी करत नाही. सुटका करणारे हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याने स्वतःचा बचाव करावा, एवढीच आहे.

इथल्या मराठी मित्रांनी एक बाब नीट समजून घ्यावी. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळी बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना असणे हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. ‘मित्राची आहे, मी फक्त वाहून नेतो’ ही सबब चालत नाही, म्हणून माहीतगार वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नये. सह्याद्रीत असले काही न्यावे का, हा प्रश्न तर उद्भवतच नाही: १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरणे हाच गुन्हा आहे.

अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानाने नेताना रायफल रिकामी करून कुलूपबंद टणक पेटीत ठेवावी लागते, विमानकंपनीला तसे सांगावे लागते आणि ती चेक-इन सामानातच द्यावी लागते. एआर-७ स्वतःच्या दस्त्यात मावत असली तरी त्या दस्त्याला कुलूप नसते. पेटी निराळी घ्यावी लागते आणि ती बहुधा रायफलीपेक्षा जड निघते.